रेफ्रीची शिट्टी आणि शेवटची लोकल

शनिवार, 4 नोव्हेंबर 2023, रात्र

महालक्ष्मी एक्स्प्रेसमधे बसलो एकदाचे. दिवाळी आठवड्यावर आलेली, त्यामुळं तिकिटांची बोंब होतीच, मी, पप्या, विश्या, तिघांत दोन बर्थ कन्फर्म आणि एक आरएसी म्हणजे हिशोबानं अडीच बर्थ. पप्या म्हणाला मी अर्ध्यावर झोपतो आणि जयसिंगपूर यायच्या आत माझ्या पूर्ण बर्थवर आडवा पण झाला.

निमित्त सांगतो. सोमवारी 6 तारखेला नेरूळच्या डी. वाय. पाटील स्टेडियमवर मुंबई सिटी विरुद्ध सौदीचा अल हिलाल, एएफसी चॅम्पियन्स लीग, म्हणजे आशियातल्या क्लबांची फुटबॉल स्पर्धा. ऑगस्टमधे ड्रॉ निघाला तवाच ठरलं होतं जायचं, कारण अल हिलालनं नुकताच नेमार घेतलेला आणि नेमार आपल्या महाराष्ट्रात खेळणार म्हणल्यावर पेठेत कुणाला झोप लागायची नाही. मग 17 ऑक्टोबरला ब्राझीलकडून उरुग्वेविरुद्ध खेळताना त्याचा गुडघा गेला आणि 23 ऑक्टोबरला रियाधमधे आपल्या मुंबईनं 6-0 मार खाल्ला. पप्याची आई म्हणाली, "ज्याला बघायला चाललाय त्यो घरात बसलाय आणि ज्यांच्यासाठी ओरडणार त्यांनी सहा खाल्ल्यात, मग जाताय कशाला?" याला उत्तर नाही. फुटबॉलवाल्याला असल्या प्रश्नांची उत्तरं द्यायची सवयच नसते.

आमच्या कोल्हापुरात मॅचला जायचं म्हणजे काय, तर जेवायचं, चप्पल घालायची, चालत शाहू स्टेडियम. पाटाकडील असो दिलबहार असो नाहीतर खंडोबा, टीम आपल्या पेठांच्याच, मॅच सुटली की चालत मिरजकर तिकटीला चहा, तिथं रेफ्रीचा उद्धार, आणि दिवेलागणीला घरात. 'मॅचनंतर घरी कसं जायचं' हा प्रश्नच आमच्या डोक्यात कधी आला नव्हता. पहिल्यांदा आला सप्टेंबरमधे. मुंबई सिटीचं अंधेरीचं ग्राउंड या स्पर्धेच्या नियमात बसत नव्हतं म्हणून मुंबईची इराणच्या नस्साजीबरोबरची मॅच पुण्यात बालेवाडीला ठेवली होती, तीही 18 तारखेला, म्हणजे गणपती बसायच्या आदल्या संध्याकाळी. पुण्यात त्या दिवशी रस्त्यावर काय असतं ते पुणेकरांना विचारा. 2-0 हरलो त्याचं दुःख स्वारगेटला पोचेपर्यंत पार विसरून गेलेलो.

यावेळी म्हणलं स्टेडियमला नाव तरी आपल्या कोल्हापूरच्या माणसाचं आहे, काही त्रास व्हायचा नाही.

रविवार, 5 नोव्हेंबर

दादरला उतरलो. मुक्काम जोगेश्वरीला आत्तीकडं. आमचा आतेभाऊ अमोलदादा मुंबई सिटीचा पक्का माणूस, अंधेरीची एक मॅच चुकवत नाही. त्याचा आदल्या रात्रीच मेसेज होता, 'वेस्टर्नला लोकल कमी आहेत, घाई करू नका, पहिली सोडा, दुसरी सोडा, तिसरीत चढा.' खार ते गोरेगाव सहाव्या लाईनचं काम चाललेलं, 27 ऑक्टोबरपासून 6 नोव्हेंबरपर्यंत मिळून अडीच हजारच्या वर लोकल रद्द होत्या. म्हणजे आम्ही बरोबर त्याच्या शेपटाला जाऊन चिकटलो. काम गरजेचं होतं, लांबच्या गाड्यांना वेगळी लाईन मिळाली की लोकलना मोकळीक मिळते, हे अमोलदादानं नंतर नीट समजावलं, पण दादरच्या प्लॅटफॉर्मवर सॅक छातीवर घेऊन उभं असताना असलं काही समजत नसतंय. चौथीत चढलो. चढलो म्हणजे चढवले गेलो. विश्या एकदम आत गेला आणि पप्या दारात लटकला, आणि दोघांच्या मधे मी, माझा एक हात कुठं होता ते अंधेरी येईपर्यंत कळलं नाही. आणि हे रविवारी सकाळी!

आत्तीनं पोहे केले होते. दुपारी टीव्हीपुढं, भारत-साऊथ आफ्रिका, कोलकात्याला. कोहलीचा वाढदिवस आणि त्याच दिवशी 49वं शतक, सगळी बिल्डिंग ओरडत होती. आम्ही पण ओरडलो, खोटं कशाला बोलू. इनिंग संपल्यावर अमोलदादा म्हणाला चला तुम्हाला आमचं ग्राउंड दाखवतो.

अंधेरीला उतरून मेट्रो धरली, वर्सोव्याच्या दिशेनं पुढचंच स्टेशन आझादनगर. उतरलं की पाच-सात मिनिटांत शहाजीराजे भोसले क्रीडा संकुल. त्यातच हे मुंबई फुटबॉल अरेना. मॅच नव्हती त्यामुळं बाहेरूनच बघितलं. छोटं आहे, सात हजारच्या आतच माणसं बसतात, आमच्या पेठांच्या फायनलला याच्यापेक्षा जास्त गर्दी असते असं पप्या तिथं वॉचमनच्या देखत बोलला. पण अमोलदादाला त्या जागेचं लई प्रेम. जून 2018 ची गोष्ट सांगितली त्यानं. 1 तारखेला भारतानं चायनीज तैपेईला 5-0 हरवलं तवा स्टेडियममधे माणसं किती, तर 2569. मग सुनील छेत्रीनं हात जोडून व्हिडिओ टाकला, या, आम्हाला शिव्या द्या पण स्टेडियममधे येऊन द्या अशा अर्थाचा, आणि 4 तारखेला केनियाविरुद्ध त्याच्या शंभराव्या मॅचला एक तिकीट शिल्लक नव्हतं. पाऊस असा की पलीकडचा गोल दिसत नव्हता म्हणे. 3-0 जिंकलो, दोन छेत्रीचे. "आणि मग?" विश्यानं विचारलं. "मग काय, नखशिखांत भिजलेली पब्लिक मेट्रोच्या एसीत. घाटकोपरपर्यंत माणसं कुडकुडत गाणी म्हणत होती."

तरी मेट्रो आहे म्हणून अंधेरी सोपं. 2014 ला सुरू झाली ही लाईन, त्याच्याआधी स्टेशनवरून रिक्षाची लाईन लावायची, संध्याकाळच्या त्या ट्रॅफिकमधे. पण सोपं पण कुणाला? जो अंधेरी-बोरिवलीत राहतो त्याला. तवा मॅच रात्री आठला चालू व्हायची, संपेपर्यंत दहा. अमोलदादाच्या ग्रुपमधे एक जण बदलापूरचा आहे, मेट्रोनं घाटकोपर, तिथनं लोकल, घरी पोचायला साडेबारा आणि सकाळी सहाची परत लोकल. त्याचा नियम ठरलेला, 80 व्या मिनिटाला उठायचं, मग स्कोअर काय का असेना. ग्रुपमधे त्याला 'ऐंशी' म्हणूनच ओळखतात. त्याचं खरं नाव अमोलदादाला पण पटकन आठवलं नाही.

परत येताना लोकलमधे सगळ्यांच्या मोबाइलवर आफ्रिकेच्या विकेटी पडत होत्या. 83 ऑलआउट. अख्खा डबा एकमेकांना टाळ्या देत होता आणि मी विचार करत होतो की आमच्या मॅचला उद्या या डब्यातला एक तरी माणूस येणार आहे का.

सोमवार, 6 नोव्हेंबर

मॅचची वेळ रात्री साडेनऊ. परत वाचा, साडेनऊ, सोमवारी. कारण साधं आहे, आपल्याकडं साडेनऊ म्हणजे सौदीत संध्याकाळचे सात, पश्चिम आशियाच्या वेळापत्रकात भारताचा नंबर असाच लागतो. मी कागदावर हिशोब मांडला. साडेनऊला सुरू, मधे पंधरा मिनिटं, दोन्ही हाफची जादा मिनिटं, म्हणजे शिट्टी साधारण अकरा पंचवीसच्या पुढंमागं. बाहेर पडायला पंधरा मिनिटं, नेरूळ स्टेशनपर्यंत चालत वीस-पंचवीस मिनिटं. म्हणजे बारा. आणि बारानंतर हार्बरला काय उरतं ते अमोलदादानं एम-इंडिकेटर उघडून दाखवलं. बोटावर मोजण्याइतकं. एकदा ते गेलं की पहाटेपर्यंत गाड्याच बंद.

आत्ती म्हणाली, "बाळांनो, टीव्हीवर लागत न्हाई व्हय ती?"

पाचला निघालो. अंधेरीवरून मेट्रोनं घाटकोपर, घाटकोपरवरून एक स्टेशन मागं विद्याविहार आणि मग कुर्ला, कुर्ल्याला पूल चढून हार्बरच्या प्लॅटफॉर्मवर, तिथनं पनवेल लोकल. ऐकायला सोपं आहे. घाटकोपरला मेट्रोतून लोकलला उतरणारी ती गर्दी सोमवारी संध्याकाळी ज्यानं बघितली नाही त्याला सांगून उपयोग नाही, आमच्या अंबाबाईच्या नवरात्राची रांग तरी शिस्तीची असते. आम्ही चौघं आकाशी जर्सीत, आजूबाजूला ऑफिसच्या बॅगा. एका काकांनी मला विचारलं, "आज कुठे आहे मॅच? वानखेडे तर उद्या आहे ना?" म्हणलं काका फुटबॉल. ते म्हणाले "अच्छा", आणि इतक्या दयेनं बघितलं माझ्याकडं की उभं राहायला अर्धा फूट जागा करून दिली. दयेचा फायदा घ्यायचा असतो.

हार्बर लोकलमधे विषय एकच, टाइम आउट. त्याच दुपारी दिल्लीत श्रीलंकेचा मॅथ्यूज एकही बॉल न खेळता आउट झालेला, हेल्मेटचा पट्टा तुटला, दोन मिनिटांत तयार झाला नाही, बांगलादेशनं अपील केलं, संपलं. डब्यात दोन पार्ट्या पडलेल्या, नियम म्हणजे नियम आणि दुसरी पार्टी अरे पण हेल्मेट तुटलं त्याचं. मानखुर्दला भांडण पेटलं ते खाडीवरून जाताना वाऱ्यानं जरा थंड झालं. अमोलदादा माझ्या कानात म्हणाला, "शेवटच्या लोकलला पण हाच नियम आहे, पट्टा तुटला असं सांगून ती थांबत नाही."

वाशीला आणखी जर्सीवाले चढले. त्यात एक कोचीचा, कामानिमित्त खारघरला राहणारा. तो म्हणाला, आमच्याकडं स्टेडियमच्या नावाचंच मेट्रो स्टेशन आहे, जेएलएन स्टेडियम, उतरलं की समोर गेट, आणि मॅचच्या दिवशी मेट्रो रात्री उशिरापर्यंत सोडतात. आम्ही त्याच्याकडं असं बघत होतो जसं आमच्याकडं गावाकडचं पोरगं पहिल्यांदा लिफ्टकडं बघतं. कोलकात्याला पण सॉल्ट लेक स्टेडियम म्हणून मेट्रो स्टेशन आहे 2020 पासून. नवी मुंबईत मेट्रो सुरू झाली ती आमच्या मॅचनंतर अकरा दिवसांनी, 17 नोव्हेंबरला, आणि ती पण बेलापूर ते पेंधर, नेरूळचा तिला पत्ताच नाही.

नेरूळला उतरलो तर स्टेशनबाहेर शेअर रिक्षाला ही झुंबड, आम्ही चालत. सगळा रस्ता निळा. हे मात्र नाद खुळा होतं, भावा. मुंबईत दोन दिवस फिरून वाटत होतं की फुटबॉल बघणारी माणसं कुठं लपवून ठेवलीत, ती सगळी इथं, केरळची, गोव्याची, ईशान्येकडची, वसईची, आमच्यासारखी कोल्हापूरची एक आख्खी टोळी पण भेटली जी लक्झरीनं थेट हायवेवर एलपीला उतरून आलेली. तो स्टॉप स्टेडियमच्या जवळच आहे. आम्ही महालक्ष्मी, लोकल, मेट्रो, लोकल, लोकल करून तिथंच आलो होतो जिथं हे एका बसमधनं झोपून आले. पप्या पाच मिनिटं माझ्याशी बोलला नाही.

मॅच. आत तीस हजारांच्या घरात माणसं होती. समोर रुबेन नेवेस, कूलिबाली, मित्रोविच, हे सगळे टीव्हीत बघितलेले. आणि हाफ टाइमला 0-0! रियाधला सहा खाल्लेल्या टीमनं. मेहताब सिंग रेड कार्ड घेऊन बाहेर गेला तरी दहा जणांत आपली पोरं झुंजत होती, मग अल हिलालच्या मायकलनं पहिला घातला. तरीपण कोण बसायला तयार नव्हतं, एक बॉल पुढं गेला तरी आख्खं स्टेडियम उभं.

आणि मग 80 वं मिनिट.

माझ्या डाव्या बाजूला एक आख्खी रांग उठली. काही बोलणं नाही, चर्चा नाही, जशी काय कुणी घंटा वाजवली. बॅगा खांद्यावर, मान मैदानाकडं वळलेली आणि पाय जिन्याकडं, असं उलटं चालत चाललेली माणसं. त्यांना मॅच आवडत नव्हती असं नाही हो, त्यातला एक जण तर सगळ्यांत जास्त ओरडत होता. कल्याण, विरार, पनवेलच्या पुढं कुठंतरी घर असणार. अमोलदादा पण उठला. "चला." पप्या म्हणाला, "दादा, एक गोल आहे फक्त, बरोबरी होऊ शकते. शिट्टी झाल्याबिगर मी उठत नाही, पेठेत तोंड दाखवायचं हाय मला." विश्या त्याच्याच बाजूला. मग दोन पार्ट्या पडल्या, ते दोघं राहिले आणि मी आतेभावाची मर्जी राखायला दादाबरोबर निघालो. अजून पस्तावतोय.

जिन्यात होतो तवा दुसरा गोल झाला, मित्रोविचचा. गोल बघितला नाही, ऐकला पण नाही, ऐकली ती शांतता. एवढा वेळ भिंतीतनं घुमणारा आवाज एकदम कुणी बटण दाबल्यासारखा बंद झाला आणि कुठूनतरी लांबून थोडी माणसं ओरडली. अमोलदादानं मागं वळूनसुद्धा बघितलं नाही, म्हणाला, "दोन झाले."

झपाझप चालत घामाघूम होऊन नेरूळ स्टेशन गाठलं, तिकिटाची लाईन वाचवायला रिटर्न आधीच काढलेलं होतं. प्लॅटफॉर्मवर आलो. आणि गाडी लेट. पाच मिनिटं, दहा मिनिटं. इंडिकेटरवर आकडा तोच. प्लॅटफॉर्म भरत चाललेला, निळ्या जर्सी, मधे मधे रात्रपाळीचे दमलेले चेहरे ज्यांना कळत नव्हतं की आज हे काय. शेवटी गाडीचा दिवा दिसला, आणि तेवढ्यात मागनं आवाज, "ओ दादाऽऽ!" पप्या आणि विश्या. आख्खी मॅच बघून, शिट्टी ऐकून, खेळाडूंनी मैदानाला फेरी मारली त्याला टाळ्या वाजवून, शेअर रिक्षानं मजेत आलेले. तीच लोकल. पप्या काहीच बोलला नाही, नुसता हसला. बोलला असता तर बरं झालं असतं.

कुर्ला येईपर्यंत साडेबारा होऊन गेले. मेट्रो बंद. आमच्या दिशेच्या लोकलसाठी उलटंसुलटं फिरण्यापेक्षा रिक्षा बरी असं ठरलं. आता गंमत बघा, रिक्षात तीन माणसं आणि आम्ही चार. अ‍ॅपवर टॅक्सी बघितली, एकानं घेतली, चार मिनिटं लांब दाखवत होता ते सात झाले, मग कॅन्सल. दुसरा पण तसाच. माझा मोबाइल इथं मेला, बॅग गेटवर अडवतील म्हणून चार्जर घरीच ठेवलेला. बाहेर रिक्षावाला एक काका, बोलण्यावरून साताऱ्याकडचे. पप्यानं लगेच गाववाल्याचं नातं जोडलं, "मामा, पुढं बसतो की मी तुमच्या शेजारी." मामा म्हणाले, "गाववाला हाईस म्हणून सांगतो, पावती मला फाटंल, तुला न्हाई." दोन रिक्षा कराव्या लागल्या. तवा तेवीस रुपयांवर मीटर पडायचं आणि बारानंतर सव्वापट. एका रिक्षाचे अडीचशेच्या आसपास झाले, दोनदा. पण मामांनी नडलं नाही, मीटरनं आणलं, हे लिहिलंच पायजे. सांताक्रूझच्या पुलाखालनं जाताना विचारलं, "काय झालं मॅचचं?" म्हणलं दोन-शून्य हरलो. "मग एवढ्या रात्री कशाला हिंडताय?" परत पप्याच्या आईचाच प्रश्न.

दीड वाजता आत्ती जागी होती. आमटी-भात गरम केला. ताटावर बसल्या बसल्या अमोलदादा पेंगत होता, त्याला सकाळी नऊला ऑफिस.

मंगळवार, 7 नोव्हेंबर

उठलो अकराला. दादा कधीच गेलेला, डबा न घेता.

रात्रीच्या महालक्ष्मीला वेळ होता म्हणून दुपारी चर्चगेटला गेलो. ब्लॉक आदल्या दिवशीच संपलेला, लोकल बऱ्यापैकी रिकामी, एवढी रिकामी की आम्हाला संशय आला. कूपरेज बघायचं होतं मला. रोव्हर्स कप, 1891 पासूनची स्पर्धा, तिच्या मॅचेस इथं व्हायच्या. आमच्या आजोबांनी मोहन बागान, ईस्ट बंगाल इथंच बघितलेले, गिरणीतनं सुटून परळवरून ट्रामनं यायचे आणि मॅच झाल्यावर परत. उजेडात मॅच, उजेडात घरी. ग्राउंड आहे अजून, पण 2001 पासून रोव्हर्स कप नाही. जाळीतनं फोटो काढला.

चर्चगेटला परत आलो तर पिवळ्या जर्सी. वानखेडेला ऑस्ट्रेलिया-अफगाणिस्तान. स्टेशनवरून चालत दहा मिनिटं स्टेडियम, आणि मॅच सुटल्यावर समोर उभी बोरिवली लोकल, सुरुवातीचं स्टेशन असल्यामुळं बसायला जागा. विश्या म्हणाला, "क्रिकेटवाल्यांचं सगळंच चांगलंय." पप्या काही बोलला नाही, तो वडापाव खात होता.

सीएसएमटीला गाडीत बसलो तवा ऑस्ट्रेलिया 91 वर 7. मॅच संपली म्हणून पप्यानं मोबाइल खिशात घातला. कल्याण सुटल्यावर सहज काढला तर मॅक्सवेलचं शतक होऊन गेलेलं. मग काय, आख्खा बे आमच्या बर्थवर. त्याला क्रॅम्प आलेला, पळता येत नव्हतं, उभ्या उभ्या मारत होता. कर्जत सुटलं. घाट सुरू झाला. बोगदा, रेंज गेली. बाहेर आलो, एक चौकार दिसला, परत बोगदा. स्क्रीनवर ते गोल गोल फिरणारं चाक आणि त्याच्याकडं बघणारी नऊ माणसं. एक आजी विचारत होत्या कोण आजारी आहे का.

लोणावळ्याला रेंज आली तवा सगळं संपलेलं. मॅक्सवेल नाबाद 201, शेवटचा फटका सिक्स. पाठोपाठ अमोलदादाचा मेसेज आला, पप्यानं मोठ्यानं वाचला. 'आमच्या ऑफिसमधला एक जण आज वानखेडेला होता. गर्दी नको म्हणून 91 ला 7 वर उठून आला. विंडो सीट मिळाली म्हणाला.'